चार चिंचोके

"पोरीले बी तहान लागली असंल," कुंताबाई म्हणाली. "थे बी पिते पानी."

बिडीवर दोरा गुंडाळता गुंडाळता टिकारामाचा हात थांबला. समोर ना तळं होतं ना पोर. मोहाडीतलं सट्टेदाराचं, म्हणजे बिडीच्या ठेकेदाराचं, बिडीघर होतं, मांडीवर सुपं घेऊन बसलेली माणसं होती आणि नाकाला झोंबणारा जर्दा होता. पण सकाळी त्यानेच आपल्या वाटसरूंना एका हिरव्या, साचलेल्या पाण्याच्या तळ्याशी आणून उभं केलं होतं. आता त्याचं त्यालाच वाटलं, आपली अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

"लहान लेकरू आहे," तो म्हणाला. "राहू दे तिले. पुढं विहीर लागंल."

"बाकीचे प्याले ना? मंग तिले वेगळा कायदा कायले? मोठी झाली थे आता."

हा खेळ टिकारामाच्या डोक्यातून निघालेला. बिडी बांधताना हात गुंतलेले असतात, जीभ मात्र रिकामी. तिला चघळायला काहीतरी हवंच. तो जंगल सांगायचा, वाट सांगायचा, वाटेत आडवं आलेलं संकट सांगायचा आणि मग विचारायचा, बोला, काय करता? ज्याने त्याने आपापल्या माणसाचं सांगायचं. भैय्यालाल चोर झाला होता, आणि कामचोर तर तो आधीपासूनच होता. म्हातारे श्यामराव सरदार. कुंताबाई झाडपाला देणारी वैदीण. जमेल की नाही अशी वेळ आली की टिकाराम चिंचोक्यांच्या चार फोडी आपल्या सुपाच्या कोपऱ्यात टाकायचा. पांढरी बाजू वर आली तर निभावलं, काळ्या जास्त आल्या तर फजिती, आणि चारही काळे पडले तर माणूस गेला. पडलं ते पडलं, त्यात बदल नाही.

श्यामरावांचा पहिला सरदार असाच गेला, अस्वलाच्या हातून. श्यामराव टिकारामाचे लहानपणापासूनचे दोस्त, पण त्याने दान फिरवलं नाही. म्हातारा दोन दिवस गाल फुगवून बसला, टिकारामाच्या चुन्याच्या डबीला हात लावेना. मग स्वतःच म्हणाला, आता मले त्या सरदाराचा भाऊ कर. तेव्हापासून खेळाला वजन आलं. सट्टेदाराच्या शब्दावर कुणाचा काडीचा भरवसा नव्हता. टिकारामाच्या सुपावर मात्र सगळ्यांचा होता.

पोर मागाहून आली. कुंताबाईची लेक शकुन तापाने गेली होती, शाळेत नाव घातलं त्याच साली. सकाळी ताप उतरल्यासारखा वाटला म्हणून आई कामावर आली. दुपारी पोरीने डोळे फिरवले, बापाने तिला बैलगाडीत घालून भंडाऱ्याची वाट धरली, आणि वाटेतच सगळं आटोपलं. कुंताबाई घरी पोचली तर अंगणात माणसं उभी. त्यानंतर कितीतरी दिवस तिने खेळात तोंड उघडलं नाही. मग एकदा बिडीवरची नजर न काढता म्हणाली, माह्या वैदिणीबरोबर एक पोरगी आहे. नाव तिने सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. भैय्यालालसारखा वाह्यात माणूस, पण दुसऱ्या दिवसापासून त्याचा चोर पोरीसाठी बोरं चोरायला लागला.

पोरगी चालत राहिली. नद्या उतरली, झाडावर चढायला शिकली, श्यामरावांच्या सरदाराला आजा म्हणू लागली. ती काय बोलली ते कुंताबाई सांगायची, आणि सांगताना आवाज जरा बारीक करायची. टिकारामाने त्या वाटेवर वाघ आणले, दरोडेखोर आणले. ताप कधी आणला नाही. आणि आज बोलण्याच्या भरात सांगून बसला, की या तळ्याचं पाणी बाधलं तर ताप चढतो. भैय्यालालचं दान पडलं, तो वाचला. श्यामराव वाचले. वैदीणही वाचली.

"टाका भाऊ," कुंताबाई म्हणाली.

त्याने टाकले. चारही काळे.

भैय्यालाल मान लांब करून बघायला वाकला, तोवर टिकारामाच्या अंगठ्याने एक चिंचोका उलटा केला होता. अंगठ्यानेच केला म्हणायचं, विचार करायला वेळ कुठे होता?

"एक पांढरा," तो म्हणाला. "ताप आला आन् उतरला. वाचली."

भैय्यालालने हुश्श केलं. श्यामराव बोळक्या तोंडाने हसले. कुंताबाई टिकारामाच्या उजव्या हाताला बसायची. तिने सुपाकडे पाहिलं, मग त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि कात्री उचलून पान कापायला घेतलं.

संध्याकाळी बिड्या देऊन माणसं पांगली तेव्हा ती दाराशी थांबली होती.

"तुमी पलटवला," ती म्हणाली.

टिकाराम नाही म्हणायला गेला आणि खरंच बोलून बसला. "माह्यानं पाहावलं नाही, बाई."

"याच्याआधी किती येळा पलटवला?"

"कधीच नाही. माह्या मायची आन."

"नदीत? वाघाच्या येळी?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. खरंच कधी पलटवला नव्हता. पण ज्या हाताने एकदा केलं त्याच हाताची शपथ कोण धरणार? आणि त्यालाही ते कळत होतं, म्हणून तो दुसऱ्यांदा आन घेऊ शकला नाही.

"मले वाटे, थे आपल्या पायानं चालून राहिली," कुंताबाई म्हणाली. "तुमीच चालवून राहिले होते."

"तसं नाही, बाई."

"तिले जाऊ द्याचं होतं भाऊ. तवा मी नव्हती तिच्यापाशी. या येळी असती."

ती रडली असती तर टिकारामाला बरं वाटलं असतं. पण तिने डबा पिशवीत टाकला, डोक्यावर पदर घेतला आणि निघून गेली.

पुढच्या आठवड्यापासून ती पानं आणि जर्दा घरी नेऊन बिड्या बांधू लागली. कुणालाही तिने काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भांडण झालं असतं, चार शिव्या बसल्या असत्या आणि एखादे वेळी खेळ वाचलाही असता. टिकारामाचंच मन खाऊ लागलं. चिंचोके टाकले की तो दोन्ही हात वर धरायचा, बघा रे, बघून घ्या म्हणायचा, आणि जितकं दाखवायचा तितकं लोकांना काहीतरी खटकायचं. आधी कुणी बघायला मागत नव्हतं. आता भैय्यालाल उठून सुपाशी यायचा. एकदा श्यामरावांचा सरदार खड्ड्यातून सुखरूप वर आला, तर म्हातारा आनंदायच्या ऐवजी टिकारामाच्या तोंडाकडे बघत बसला. ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात सट्टेदाराने खांबाला रेडिओ टांगला. वाटसरू तळ्यापासून कोसभर पुढे कुठेतरी थांबले, आणि ते थांबल्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

दिवाळीनंतर एक दिवस टिकाराम कुंताबाईच्या घरी गेला. ती ओसरीवर सूप घेऊन बसली होती. ख्यालीखुशाली झाली, नवऱ्याच्या गुडघ्याचं झालं, धानाचं झालं. मग त्याने खिशातून चिंचोके काढून तिच्यापुढे ठेवले आणि आपण दोन हात मागे सरकून बसला.

"पोरगी तळ्याकाठीच आहे, बाई," तो म्हणाला. "मी तिले पुढं नेलं नाही. तूच टाक. जे पडंल थे. मी हात लावत नाही."

कुंताबाईने हातातल्या बिडीला दोरा गुंडाळला, टोक दाबून बंद केलं आणि ती बाजूला ठेवली. चिंचोक्यांकडे ती बराच वेळ बघत होती.

"कोनची पोरगी, भाऊ?" तिने विचारलं.

आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याने पाय धरले असते.

"बसा, चहा ठेवते," म्हणून ती आत गेली. आत चूल फुंकल्याचा आवाज आला, धूर ओसरीवर आला. उठून जावं असं टिकारामाला फार वाटलं, पण पाय निघेना. तिने कपबशी आणून पुढे ठेवली आणि पुन्हा कामाला बसली. तो मान खाली घालून सगळा चहा प्याला.