दोघींची एकच यादी

समुपदेशक बाईंनी दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, तेव्हाच आईच्या कपाळाला आठी पडली.

समोर जुळ्या मुली बसल्या होत्या. अंतर नऊ मिनिटांचं, पण घरात एकीला थोरली आणि दुसरीला धाकटी म्हणायची सवय लागली ती लागलीच. शाळेचं हे शेवटचं वर्ष. दोन महिन्यांत कॉलेजांचे अर्ज जायचे होते. कुठे कुठे अर्ज करायचा, हे ठरवायला बाईंनी आईबाबांना बोलावून घेतलं होतं.

"प्रत्येक यादीत आठ नावं," बाई म्हणाल्या. "दोन अशी, की लागलं तर लागलं. चार मुलीच्या मार्कांना साजेशी. आणि दोन हक्काची, काही झालं तरी तिथे जागा मिळेलच. असा तोल असला की मुलगी आपटतही नाही आणि मागेही राहत नाही."

"पण दोन याद्या कशाला?" आई म्हणाली. "दोघी एकत्रच राहणार आहेत. एकच करा."

"अहो, थोरलीला जे हक्काचं, ते धाकटीला लागलं तर लागलं! एका यादीत दोघींचा तोल मी कसा सांभाळू?"

"मग धाकटीच्या बेताने करा," बाबा म्हणाले. "थोरली काय, कुठेही चमकेल."

कुणाच्या मनात वाईट नव्हतं. तरी तिन्ही मोठी माणसं एकदम धाकटीकडे बघायला लागली. थोरलीने मात्र नजर खिडकीकडे वळवली. धरणीने पोटात घ्यावं असं धाकटीला झालं.

बरीच घासाघीस झाली. शेवटी धाकटीच्या मार्कांवर बेतलेली आठ नावं बाईंनी लिहिली आणि हट्टाने नववं नाव थोरलीपुरतं घातलं. ते भूगर्भशास्त्रासाठी नावाजलेलं विद्यापीठ होतं. त्याचं माहितीपत्रक थोरलीने इतक्यांदा उघडलं होतं, की घड्यांवर फाटलं होतं.

"अर्ज करायला काय जातंय," आई म्हणाली आणि सही केली.

शाळेत बातमी पसरायला दोन दिवस लागले. भूगोलाच्या सरांनी धाकटीला जिन्यातच गाठलं.

"तू समजूतदार आहेस ना? मग बहिणीला मोकळं कर. अशी विद्यार्थिनी मला वीस वर्षांत मिळाली नाही."

मैत्रिणी तिला गमतीने शेपूट म्हणायला लागल्या. धाकटी हसण्यावारी न्यायची. घरी येईपर्यंत हसून हसून गाल दुखायचे. घरी तरी कुठे सुटका होती? खोली एक, टेबल एक. थोरली अर्जासोबतचा निबंध भराभरा लिहायची आणि धाकटी तिच्या पेनची करकर ऐकत स्वतःच्या कोऱ्या कागदाकडे बघत बसायची. आईजवळ विषय काढला की एकच उत्तर: "एकमेकींना धरून राहा म्हणजे झालं."

एका शनिवारी दुपारी ती बाबांच्या चष्म्याच्या दुकानात गेली. मागच्या खोलीत बाबा भिंगाची कडा घासत होते.

"बाबा, याद्या वेगळ्या करा. माझं मी बघते. तिला जाऊ दे."

बाबांनी मशीन बंद केलं. भिंग पुसलं, उजेडात धरलं, स्वच्छ होतं तरी पुन्हा पुसलं.

"हे आमच्या डोक्यातून आलेलं नाही गं," ते म्हणाले. "सुट्टीत थोरलीच येऊन म्हणाली. धाकटी माझ्याशिवाय राहू शकणार नाही, आम्हाला एकत्रच ठेवा. तुला सांगायचं नाही असं कबूल करून घेतलं होतं तिने. आता बोलून बसलो."

धाकटी तडक घरी आली. थोरली पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मी तुझ्याशिवाय राहू शकत नाही? मी कधी म्हटलं असं?"

थोरलीच्या हातातला टॉवेल अर्धवट घडीत तसाच राहिला.

"मी नाही राहू शकत," ती हळूच म्हणाली. "पण हे सांगायचं कुणाला? सगळ्यांना वाटतं, मी कशालाच घाबरत नाही. अगं, बसमध्ये स्टॉप विचारायचा तरी माझा घसा सुकतो. विचारतेस तू. डॉक्टरांशी बोलतेस तू. वर्गात मी हात वर करते ना, तोसुद्धा शेजारी तू असतेस म्हणून. तिकडे एकटी मी काय करू?"

"मग माझ्या नावावर का खपवलंस?"

"तुझ्याबद्दल ऐकून कुणाला नवल वाटलं नसतं."

हे बोलून तीच रडायला लागली. सवयीने धाकटीचा हात तिच्या पाठीवर गेला, आणि त्या हाताचाही धाकटीला राग आला.

"कुणाला सांगू नकोस ना."

"नाही सांगणार," धाकटी म्हणाली. शब्द तोंडातून गेला आणि मग तिच्या ध्यानात आलं: आता सगळ्यांची बोलणी आपणच खायची, तीही तोंड मिटून.

शेवटच्या दिवशी दोघी बाईंच्या खोलीतल्या कॉम्प्युटरसमोर बसल्या. आठ अर्ज गेले. नववा भरून तयार होता, फक्त पाठवायचं बटण दाबायचं होतं. पाचची मुदत होती. बाई मीटिंगला गेलेल्या.

"पाठव ना. जागा मिळाली म्हणजे जायलाच हवं असं थोडंच आहे?"

थोरली नुसती नाही नाही अशी मान हलवत राहिली. पाच वाजले आणि पडद्यावर मुदत संपल्याची ओळ आली. आपणच बटण दाबायला हवं होतं, असं धाकटीला वाटलं. मग वाटलं, म्हणजे हेही मीच करायचं?

दुसऱ्या दिवशी सर जिन्यात थांबलेच नाहीत. जाता जाता म्हणाले, "शेवटी अडवलंस तिला." धाकटीने ऐकून घेतलं.

यादीतल्या चौथ्या कॉलेजात दोघींना जागा मिळाली. आईने दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं. आठवड्याभराने वसतिगृहाचे फॉर्म आले. त्यात खोलीत सोबत कोण हवं, असा एक रकाना होता. दोघींनी एकमेकींचं नाव लिहिलं तरच एक खोली, नाहीतर चिठ्ठ्या टाकणार.

थोरलीने लगेच लिहिलं. धाकटीने पेन बराच वेळ हातात धरला आणि लिहिलं: कुणीही चालेल.

थोरली वाकून वाचत होती. "चुकून लिहिलंस?"

"नाही."

"आई विचारेल."

"विचारू दे. तुझं मी काही सांगणार नाही. पण खोली मला वेगळी हवी."

आईने विचारलंच. "बिचारीला एकटी टाकतेस?"

"हो," धाकटी म्हणाली. पाकीट स्वतः पोस्टात टाकून आली. दोन दिवस घरात तिच्याशी कुणी धड बोललं नाही.

चिठ्ठ्या निघाल्या. थोरलीला पहिला मजला, धाकटीला चौथा. पुढची चार वर्षं तेच कॉलेज, तीच फाटकं, जेवायला तोच हॉल. मध्ये फक्त तीन जिने.

बॅगा भरायच्या दिवशी थोरली दारात येऊन उभी राहिली.

"मला तुझा राग आलाय."

"येऊ दे," धाकटी म्हणाली आणि बॅगेची चेन ओढली.