तांदळाच्या पिठाचे बाण

हरीशच्या घराच्या मागच्या दाराशी बुटांचे चार जोड पडले होते, आणि गोगलगाई त्यातल्या एकाच जोडावर होत्या. बूट आडवे होते. उजव्याच्या तळाला पाच, डाव्याच्या तळाला तीन. बिनशंखाच्या, नारिंगी-तपकिरी, मधल्या बोटाएवढ्या लांब. उरलेल्या तीन जोडांवर एकही नव्हती. अश्लेषाने सवयीने दोनदा मोजलं.

"शी. काकू, हे बघा."

कुमुदिनीकाकू चहाचा कप घेऊन दारात आल्या. "हरीशचे आहेत ते. काल रात्री जेवायच्या आधी पळून आला अन् दिले भिरकावून. सूनबाई त्याचे बूट घरात येऊ देत नाही. आता समजलं, काहून ते."

"पण याच्याच बुटांवर का?"

"वास येत असंल," काकू म्हणाल्या आणि चहा संपवून आत गेल्या.

अश्लेषा नेदरलँड्समधल्या आइंडहोवनमध्ये चिपची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत मोजमाप विभागात होती. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन दीड वर्षापूर्वी आली, तेव्हा या घराने तिला पहिल्या रविवारी जेवायला बोलावलं होतं. हरीश त्यांच्या मराठी धावगटाचा म्होरक्या. मे महिन्यात गट फ्रान्सला जायचा. ल्वार नदीच्या काठाने, ओकच्या जंगलातून, शेतांमधल्या मातीच्या वाटांनी पळायचं, दुपारी कुठल्यातरी खेड्यात ब्रेड-चीज खायचं, असा बेत. यंदा काकूंनीही नाव दिलं होतं. नागपूरला टपाल खात्यात जन्म गेला, नवरा गेला, आणि साठी उलटल्यावर मुलाकडे आलेली ही बाई डोमेल नदीच्या काठाने आधी चालायला आणि मग पळायला लागली. या शहरात तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

हरीशला ते नको होतं. "तिकडे जंगलात नेटवर्क नसतं. चुकली तर शोधत कोण बसणार? सगळ्यांची सहल वाया," असं तो चारचौघांत म्हणाला होता. मग काकूंनीच चारचौघांत अट मान्य केली. इथल्या जंगलात दहा किलोमीटरचा मार्ग आखा. मी फोन न घेता, एकटी, नुसत्या खुणा बघून पळते. बरोबर परत आले तर नेशील, नाही आले तर नाव खोडशील.

खुणा म्हणजे तांदळाच्या पिठाचे बाण. रंग आणि फिती लावायला जंगलाचा रखवालदार मनाई करत होता, आणि रांगोळी दगडाची, ती मातीत तशीच राहते. पीठ बरं. गटातल्या वल्लरीचा हात रांगोळीत बसलेला, त्यामुळे ती चिमटीने असा बाण काढायची की पुसायचं जिवावर यावं. एरवी हे काम पळायच्या दिवशी सकाळी व्हायचं. या वेळी वल्लरीला रविवारी सकाळी वेळ नव्हता, म्हणून दोघींनी आदल्या संध्याकाळीच सगळे बाण काढले. तिथेच चूक झाली.

हरीश आईला गाडीतून जंगलाच्या वाहनतळावर आणणार होता, पळायला सुरुवात आणि शेवट तिथेच. अश्लेषा सायकलवर पुढे निघाली, खुणा जागेवर आहेत ना ते बघायला. हवा कोंदट होती. पाऊस नव्हता, पण पानांच्या टोकांना पाणी धरलेलं होतं.

पहिल्या बाणापाशी ती थांबली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

बाण जागेवर होता, पण तो पिठाचा उरला नव्हता. दांड्यावर आणि टोकावर गोगलगाई एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. मधूनमधून ओल्या लापशीसारखं पीठ दिसत होतं आणि त्यावर त्यांची तोंडं हळूहळू चालली होती. एकीच्या अंगावर दुसरी चढली होती. चकाकणाऱ्या चिकट रेषा चारी बाजूंनी येऊन तिथे मिळत होत्या. भारतात पिठाला मुंग्या लागतात, एवढं दोघींना ठाऊक होतं. इथे मुंग्या फारशा दिसत नाहीत म्हणून दोघी निर्धास्त होत्या.

एकोणीस. दुसऱ्या बाणावर बावीस. तिसऱ्यावर सतरा. मोजणं हा तिचा उलटी रोखण्याचा उपाय होता. चौथ्यापासून तिच्या लक्षात आलं की किळस बाजूला ठेवली तर खूण वाचता येत होती. बाण बाणच होता, फक्त जिवंत.

नवव्या खुणेपाशी मात्र काहीच नव्हतं.

ही जागा सगळ्यांत महत्त्वाची होती. वाट इथे डावीकडे वळून लाकडी साकवावरून ओढा ओलांडत होती आणि परत फिरत होती. सरळ गेलं की नदीकाठाने चार किलोमीटर दुसरी वाट नाही, थेट हायवेचा पूल. अश्लेषाने सायकल आडवी टाकली. पाईनच्या सुया, सायकलींच्या चाकांचे चरे. पीठ नाही, गोगलगाय नाही. संध्याकाळी वल्लरीने इथे सगळ्यांत मोठा बाण काढला होता. अश्लेषाने स्वतः पिठाचा डबा धरला होता.

आधीच्या आठ खुणांवर सतरापेक्षा कमी एकदाही नव्हत्या. इथे शून्य. म्हणजे त्या यायच्या आधीच पीठ गेलं होतं.

ती वाकून कडेकडेने बघत गेली. वाटेच्या उजवीकडे खाजकुइलीसारखी आग करणारी झुडपं होती, त्यांच्या बुडाशी उतारावर त्या सापडल्या. अकरा. दोन आडव्या पट्ट्यांत बसलेल्या, शेजारीशेजारी, प्रत्येक पट्टा बुटाएवढा रुंद. कुणीतरी बुटाने पीठ खरवडून, ढकलून, झुडपात लोटलं होतं.

मग तिला तो आडवा पडलेला जोड आठवला. उजव्याला पाच, डाव्याला तीन.

पोटातून वर आलं ते आता गोगलगाईंमुळे नव्हतं. त्या निदान भुकेल्या होत्या.

काकूंना मदत करायची नाही, ही अट होती. पण पुसलेली खूण परत ठेवणं ही मदत कशी? पीठ कालच सगळं संपलं होतं. जमिनीवर काठीने रेघ ओढून उपयोग नव्हता, चाकांच्या चऱ्यांत ती हरवली असती. काटक्यांचे बाण स्काउटची मुलं करतात, ते पाळायचे नाहीत असं हरीशने आईला बजावलं होतं. काकूंनी आत्तापर्यंत आठ खुणा पाहिल्या असणार, आणि त्या आठही...

अश्लेषाने श्वास रोखला, झुडपात हात घातला. मनगटाला आग झाली. पहिली गोगलगाय बोटांत आली तेव्हा ती आक्रसली आणि गार, घट्ट गोळा झाली. चिकटा नखांत शिरला. तिने ती वाटेवर ठेवली. दुसरी. तिसरी. खाली लोटलेलं ओलं पीठ मातीसकट बोटांनी निपटून तिने त्यांच्याखाली सारवलं. पाच दांड्याला, सहा टोकाला. एक सारखी बाहेर निघत होती, तिला दोनदा परत ठेवावं लागलं. ठेवताना तिच्या तोंडात आंबट पाणी आलं, ते तिने गिळलं.

मागून काकूंच्या पावलांचा आवाज आला तशी तिने सायकल उचलली आणि साकव ओलांडून वळणाआड गेली. मागे वळून पाहिलं नाही. पुढच्या खुणा तिने धड मोजल्याही नाहीत. त्या होत्या, एवढं बघितलं.

वाहनतळावर हरीश आणि गटातला रुचिर गाडीला टेकून उभे होते. हरीशच्या पायात आज दुसरेच बूट होते. हातात किल्ली.

"झालं का गं निरीक्षण?" रुचिर म्हणाला. "हात काय झालेत तुझे? शेंबूड पुसलास का कुणाचा?"

"तसंच काहीसं."

हरीशने घड्याळ पाहिलं. "मी पुलापाशी जातो गाडी घेऊन. तिथूनच आईला उचलतो. उगाच दमायला नको."

"कुठल्या पुलापाशी, हरीशदादा?"

"हायवेच्या."

"मार्ग तिकडे जात नाही."

"अगं, चुकली असली तर. अंदाज आपला."

"चुकायच्या सहा जागा आहेत," अश्लेषा म्हणाली. "तुम्हाला नेमकी हीच कशी सुचली?"

रुचिर एकदा तिच्याकडे, एकदा हरीशकडे बघत राहिला. हरीश हसला. ते हसू तिला ओल्या पिठासारखं वाटलं. "तू नं, फार मोजतेस," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "तिकडे ती पडली-बिडली तर माझ्यावर येईल. तुझ्यावर नाही. मी तिच्या भल्यासाठी..."

"काल रात्रीचे बूट धुवा," ती म्हणाली. "खालून. सकाळी आठ होत्या, आता जास्त असतील."

हरीशची किल्ली हातातल्या हातात थांबली. तो गाडीत बसला नाही.

थोड्या वेळाने झाडांमधून निळी टोपी दिसली. काकू पळत होत्या, हळू, पण चालत नव्हत्या. गुडघ्यापर्यंत चिखल. गाडीपाशी येऊन त्यांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि आधी नुसत्या धापा टाकल्या.

"कसला घाण मार्ग आखला गं पोरी," त्या म्हणाल्या. "आता आठ दिवस भाकरी थापायची नाही मी. पीठ पाहूनच मळमळेल. पण एक सांगते, साकवापाशी ज्या होत्या ना, त्या मोठ्या शिस्तीच्या होत्या. बाकीच्या गर्दी करून बसल्या होत्या, या अशा ओळीत. जशा कोणी हाताने मांडल्या."

त्यांनी अश्लेषाच्या हातांकडे पाहिलं. लाल गांध्या, नखांत वाळलेला चिकटा. मग मुलाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. त्यांनी मनगटावरचं अंतर मोजणारं घड्याळ त्याच्यापुढे धरलं.

"चष्मा नाही माझ्याकडे. वाच."

हरीशने घड्याळ वाचलं. दहा किलोमीटर, चाळीस मीटर.