तीन कागदांतला मधला

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. कोरा नाही, छापलेला. तीन कागद शेजारीशेजारी लावले की एक चित्र पुरं होतं, त्यातला मी मधला. डाव्या कागदावर काठी टेकत चालणारी एक आजी आहे, उजव्यावर पाण्याचं टाकं. माझ्यावर नुसत्या मेंढ्या, आणि कडेच्या मेंढ्या तर अर्ध्याच.

लुकाचुकाई गावाच्या लाल कड्यांखाली ओरलीन बित्सुई या बाईंनी आम्हाला घडवलं. त्यांनी लाकडाच्या फळ्या कोरल्या, त्यांवर शाई फिरवली आणि ओलसर कागद दाबून छाप घेतले. वाळल्यावर तिघांच्याही तळाशी पेन्सिलीने एकच आकडा घातला. "एका घरचे आहेत, एकत्र राहू द्या," असं त्यांनी दुकानदाराला सांगितलं होतं.

पण हमरस्त्यावरच्या त्या दुकानदाराला घाई होती. सुटे लवकर खपतात म्हणून त्याने आम्हाला वेगवेगळं टांगलं. मला एका लॉजवाल्याने नेलं. तिथे बरीच वर्षं मी एका पलंगाच्या वर होतो. माणसं येत, बूट काढत, टीव्ही लावत आणि झोपून जात. या मेंढ्या कुठे निघाल्यात, असं कुणालाही वाटलं नाही. मलाही सांगता आलं नसतं. लॉज बंद पडलं आणि मी गॅलप गावच्या जुन्या बाजारात आलो, टायरांच्या ढिगाला टेकून.

तिथे मला व्हर्ना एत्सिटीने पाहिलं. ती शाळेची बस चालवायची आणि ओरलीनबाईंची चित्रं जमवायची. तिचा धाकटा भाऊ एल्रॉय जवळच मटणाचा रस्सा आणि तळलेली रोटी खात होता.

"ताई, तू मेंढीचं बूड विकत घेतलंस," तो म्हणाला. "तोंड कुणाकडे आहे?"

"तेच शोधायचंय. तू रस्सा संपव, गार होतोय."

व्हर्नाने मला हलक्या हाताने पुसलं, नवी काच बसवली आणि ऊन लागणार नाही अशा भिंतीवर लावलं. मग ती दिसेल त्याला विचारत सुटली. शेवटी कळलं, की शिपरॉक गावातल्या दातांच्या डॉक्टरांकडे असे दोन कागद आहेत. तिने मला घोंगडीत गुंडाळलं, गाडीत शेजारच्या सीटवर पट्ट्याने बांधलं आणि निघाली.

डॉक्टर हॅरिसन क्लाह यांच्या बैठकीच्या खोलीत माझे दोघे सोबती होते. मध्ये माझ्याएवढी भिंत मोकळी.

आमच्या मुलखात ओळख होताना आधी कूळ सांगतात, मग काम. व्हर्ना म्हणाली, "मी मिठाच्या कुळातली. वडील पाण्याजवळच्या कुळातले."

"माझी आई तुझ्या वडिलांच्याच कुळातली. म्हणजे मी तुझा आत्तेभाऊ लागलो."

"बरं झालं. आता तुमची भीड धरायला नको."

डॉक्टरांनी मला मधल्या जागी धरलं. अर्ध्या मेंढ्या पुऱ्या झाल्या. तळाचा आकडाही जुळला. माझ्या मेंढ्या पाण्याकडे निघाल्या होत्या, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"किती वर्षं ही जागा मोकळी ठेवलीय," डॉक्टर हळूच म्हणाले. "मला देऊन टाक."

"तूच दे ना ते दोन."

"रोज सकाळी कॉफी घेत मी यांच्यासमोर बसतो, बहिणी."

"मीपण बसते याच्यासमोर."

 व्हर्नाने मला गुंडाळायला घोंगडी हातात घेतली. पण तिने ती उलगडली नाही.

"या खोलीत कोण येतं रे?" तिने विचारलं.

"मी. आणि कुत्रा."

"आणि दवाखान्यात?"

"अर्धं शिपरॉक."

"मग तिघांनाही तिथे लाव. तसं असेल तर देते."

डॉक्टरांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला. "खिळे दवाखान्याच्या मागच्या खोलीत आहेत," ते म्हणाले. "हातोडी तू धर."

निघताना व्हर्नाने रिकामी घोंगडी छातीशी धरली होती. मला ठाऊक आहे, तिला ते जड गेलं.

मित्रांनो, एकत्र घडवलेल्या वस्तू सुट्या करू नका. झाल्याच असतील, तर त्यांची विचारपूस करत राहा. आणि आम्हा कागदांना ऊन आणि ओल यांपासून जपा, एवढंच मागणं.

आता आम्ही दवाखान्याच्या भिंतीवर आहोत, खिडकीपासून लांब. व्हर्नाचे दात ठणठणीत आहेत, तरी ती येते. परवा एक म्हातारी आली, गाल सुजलेला. ती आमच्यासमोर उभी राहिली आणि एकेका मेंढीवरून बोट फिरवू लागली. शेवटच्या मेंढीशी ती थांबली.

"ही लंगडतेय," ती म्हणाली. "म्हणून तर ती काठीवाली बाई हळू चाललीय."

डॉक्टरांनी दारातून तिला हाक मारली.

"येते रे," म्हातारी खुर्ची ओढून आमच्यासमोर बसत म्हणाली. "दात काय पळून जातोय?"