तिसरं पिल्लू

कागदाच्या गोदामात, गठ्ठ्यांच्या मागे मांजरीची ती तीन पिल्ले सापडली तेव्हा त्यांची नाळही पुरती वाळलेली नव्हती. आमच्या प्राणिमित्र गटाचा नियम असा, की पिल्लांना हात लावण्यापूर्वी लांब उभे राहून चार तास आईची वाट पाहायची. मी जेमतेम अर्धा तास थांबलो. हमाल जाता-येता माझ्याकडे पाहत होते. कोणी हटकले तर काय सांगायचे, या संकोचाने मी पिल्ले खोक्यात घातली आणि निघालो.

गटाच्या प्रमुख म्हणजे एक निवृत्त परिचारिका. त्यांना सगळे सिस्टर म्हणत. त्यांनी फोनवर विचारले, "चार तास थांबलास ना रे?"

मी "हो" म्हणालो.

घरी वहिनी खोक्यात डोकावल्या. "भावजी, लग्नाचा पत्ता नाही आणि बाळंतपण काढायला बसलात!" पण गरम पाण्याची पिशवी त्यांनीच भरून दिली.

दर दोन तासांनी पिचकारीने थेंब-थेंब दूध, मग ओल्या कापसाने पोट पुसणे, मग वजन. मिटल्या डोळ्यांची ती पिल्ले माझ्या बोटांत काहीतरी शोधत राहत, आणि जे शोधत ते माझ्यापाशी नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी एक गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक. त्या वेळी वहिनींनी थट्टा केली नाही.

दुपारी गोदामाच्या मुकादमाचा फोन आला. "पिल्लं नेणारे तुम्हीच ना? अहो, त्यांची आई ओरडून ओरडून आमचं डोकं खातेय. एक पिल्लू तिनं आधीच माळ्यावर नेलंय. बाकीची न्यायला आली, तर जागा रिकामी!"

ती त्यांना एकेक करून हलवत होती. मी थांबलो असतो, तर मला ते दिसले असते.

उरलेले पिल्लू त्याच खोक्यात, त्याच फडक्यात गुंडाळून मी गोदामात नेले. खोके गठ्ठ्यांच्या मागे ठेवले आणि समोरच्या भिंतीशी उभा राहिलो. तिने त्याला ओळखलेच नाही तर? तिचे दूध आटले असेल तर?

"काय साहेब, मुलगी बघायला आलात का? किती वेळ ताटकळणार?" एक हमाल ओरडला. सगळे हसले. मी मान खाली घातली, पण जागचा हललो नाही.

तिसरा तास सरत आला तेव्हा ती आली. हाडे वर आलेली, करडी. खोक्यात मान घालून ती बराच वेळ हुंगत राहिली. मग तिने पिल्लाला मानगुटीला धरून उचलले आणि माळ्याच्या जिन्यावरून दिसेनाशी झाली.

"जमलं बुवा!" मुकादम म्हणाला.

मी खोके उचलायला वाकलो, तोच ती पुन्हा खाली आली. मी मागे सरलो. ती खोक्यात उतरली. ते फडके तिने पंजाने उलटे केले, त्याच्याखाली पाहिले, पुन्हा उलटे केले. मग मान वर करून हाक मारली.

"आता काय राहिलं हिचं?" मुकादमाने विचारले.

"दोन राहिलीत," मी म्हणालो. "ती माझ्याकडे मेली. मी थांबलो नव्हतो."

ती हाका मारत राहिली.