मॉरिसचे इंडिकेटर

बाबाराव ठवकरांच्या मॉरिसला इंडिकेटर नव्हते. गाडी सत्तेचाळीस सालची. त्यांच्या वडिलांनी बासष्टमध्ये ती कामठीच्या एका निवृत्त अधिकाऱ्याकडून घेतली, आणि तेव्हापासून वळायचं तर हात दाखवायचा हीच घरची रीत. उजवीकडे वळताना बाबाराव खिडकीतून हात काढत, डावीकडे वळताना शेजारी बसलेल्या कुसुमताई. लग्न झाल्या झाल्या हे काम त्यांच्याकडे आलं होतं. रविवारी मॉरिस नागपूरच्या महाल भागातून निघाली की कधी या खिडकीतून, कधी त्या खिडकीतून हात बाहेर यायचा, आणि लोक वाट द्यायचे.

गेल्या दिवाळीनंतर बाबाराव न्हाणीत घसरले. उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, स्टिअरिंग फिरवण्यापुरता हात चालायला लागला. पण खिडकीबाहेर सरळ काही होईना. तरी एका रविवारी त्यांनी गाडी काढलीच. सक्करदऱ्याच्या चौकात वळताना हात निम्म्यातच अडकला. मागच्या स्कूटीवरच्या मुलीला गाडी वळते आहे हे कळलंच नाही. ब्रेक दाबून ती आडवी झाली. गुडघा खरचटण्यावर भागलं. घरी आल्यावर बाबारावांनी अंगणातल्या गॅरेजमध्ये गाडीवर ताडपत्री टाकली आणि चावी कुसुमताईंकडे दिली.

"बस झालं आता. माह्यापायी कोणाचं लेकरू जाईन एखाद्या दिवशी."

कुसुमताईंनी चावी फडताळात ठेवली. ताडपत्रीखालच्या गाडीकडे पाहत बाबाराव रोज ओट्यावर बसून राहायला लागले, तेव्हा मात्र कुसुमताईंनी सोनिकाला बोलावलं. सोनिका त्यांच्या मैत्रिणीची मुलगी. पॉलिटेक्निक करून तिने कामठी रोडवर ई-रिक्षांच्या वायरिंगचं वर्कशॉप टाकलं होतं.

"काका, चार दिवे अन् एक स्विच. संध्याकाळपर्यंत होते," सोनिका म्हणाली.

"गाडीले एक भोक नाही पाडू देणार मी," बाबाराव म्हणाले. "अन् समोर दिवे लुकलुकून राहिले तर कशी दिसन ते? वरातीतल्या घोडीसारखी!"

"भोक नाही पाडत. बंपरच्या नटाले पट्टी कसते, तिच्यावर दिवे."

"अवं, लाव तू," कुसुमताई म्हणाल्या. "काकायचं नको आयकू."

मागच्या दिव्यांची वायर न दिसता कुठून न्यावी, हे पाहत सोनिका गाडीभोवती फिरली. पुढच्या आणि मागच्या दारांच्या मधे पत्र्याचा उभा खांब होता. तो पोकळ आहे का पाहायला तिने बोटाने टकटक केली. खाली आवाज पोकळ आला, वर जरा वेगळा. तिने मोबाईलचा उजेड तिरपा धरला. काळ्या रंगाखाली वीतभर एक सरळ रेघ दिसत होती. पत्र्याला तडा जातो तो असा सरळ जात नाही.

"काका, इथं काय होतं?"

"काय असन? खांब आहे."

ती दुसऱ्या बाजूला गेली. तिथेही तीच रेघ, त्याच उंचीवर.

बाबारावांना विचारून तिने रॉकेलचा बोळा फिरवला आणि पातळ पात्याने रंग सोडवायला सुरुवात केली. एकाखाली एक रंगाचे थर निघाले, त्याखाली फट बुजवायला भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी. ती निघाल्यावर आतून धातूची एक पट्टी दिसली. सोनिकाने नखाने हलकेच ओढली. कुरकुरत पट्टी खांबातून बाहेर आली आणि आडवी झाली. टोकाला निमुळती, आणि पोटात नारिंगी काच.

कुसुमताई पुढे आल्या आणि त्यांनी काचेवरून पदराचं टोक फिरवलं.

"हात आहे वं हा, वळताना दाखवायचा," त्या म्हणाल्या.

"साठ वर्षं होत आली या गाडीत बसून राहिलो मी," बाबाराव म्हणाले. "बाबायनंही कधी सांगतलं नाही."

"त्यायलेही माहीत नसन. त्यायच्या हाती आली तेव्हाच बुजवलेला असन," कुसुमताई म्हणाल्या.

सोनिकाने खांबांतले दोन्ही हात उघडले, साफ केले. खांबात तांब्याच्या तारेची गुंडाळी होती. वीज आली की ती आतला लोखंडी दांडा ओढणार, दांडा हाताला वर उचलणार. एवढंच. गुंडाळी शाबूत होती. बल्ब उडाले होते, ते तिने बदलले. जुन्या वायरी स्टिअरिंगच्या मधोमध असलेल्या एका खटक्यापर्यंत जात होत्या. लहानपणी बाबाराव तो खटका खेळ म्हणून फिरवत आणि त्याने काहीच होत नसे.

वायरी नव्या टाकून झाल्यावर ती म्हणाली, "काका, तुमीच फिरवा."

बाबारावांनी खटका डावीकडे केला.

टक.

डाव्या खांबातून हात निघाला, सरळ आडवा झाला आणि पेटला. गॅरेजच्या अंधाऱ्या भिंतीवर नारिंगी उजेड पडला. सोनिकाने आजवर किती दिवे पेटवले असतील त्याला गणती नव्हती. तरी तिच्या अंगावर काटा आला. वळताना माणूस काय करतो, एवढंच कोणीतरी नीट पाहिलं होतं आणि तेच गाडीला करायला शिकवलं होतं. इतकी वर्षं लांबीखाली दबलेली वस्तू पहिल्याच हाकेला उठली होती.

बाबारावांनी खटका परत उजवीकडे केला, परत डावीकडे. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवत नव्हते.

"आता बंपरवर दिवे नको लावू," ते म्हणाले.

"लावनच," सोनिका म्हणाली. "आजच्या पोट्ट्यायले लुकलुकणारंच समजते. हाताकडे पाहत राहतीन अन् धडकतीन."

ते त्यांना पटलं. हातही राहिले, दिवेही लागले.

रविवारी तिघं निघाले. सक्करदऱ्याच्या चौकात बाबारावांनी खटका फिरवला. उजवा हात बाहेर आला, खाली दिवा लुकलुकायला लागला. मागच्या सिटी बसच्या ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढून घेतला. स्कूटरवाले थांबले. हिरवा सिग्नल असूनही क्षणभर कोणी पुढे सरकेना, आणि मॉरिस त्या सगळ्यांच्या मधून सावकाश वळली.

उमरेड रोडला लागल्यावर बाबारावांनी गाडी कडेला घेतली आणि ते मागे बसलेल्या सोनिकाकडे वळले.

"ये, चालव आता तू."

"मी? काहून?"

"चालवताना मले तो हात कुठं दिसते? मले मांगं बसून पाहू दे."

सोनिका स्टिअरिंगमागे बसली. पुढे एका गावाचा फाटा होता. तिने खटका डावीकडे केला आणि खिडकीबाहेर नजर टाकली. फाट्यावर एसटीची वाट पाहत एक म्हातारी बसली होती. गाडीने हात काढलेला पाहून ती उठून उभी राहिली, आणि तिनेही आपला हात वर केला.