तापाची खातरजमा

त्या रुग्णालयात एक नियम होता. नर्सने आजारपणाची रजा घेतली, की ती खरोखर आजारी आहे का हे बघायला दुसऱ्या नर्सला तिच्या घरी पाठवायचं. याहून जुना आणखी एक नियम होता: आपली पाळी संपली तरी पुढची नर्स आली नसेल, तर घरी जायचं नाही, थांबायचं.

आता गंमत बघा. थांबून थांबून नर्स दमायच्या. दमल्या की आजारी असल्याचा फोन करायच्या. फोन खरा की खोटा हे बघायला एकजण गेली, की वॉर्डात आणखी एक कमी पडायची आणि तिच्या जागी तिसरीला थांबवावं लागायचं. चार दिवसांनी तिसरीचा फोन यायचा. पांघरूण आखूड असलं की डोकं झाकताना पाय उघडे पडतात, हे कुठलंही लहान मूल सांगेल. पण नियम करायला लहान मुलांना कुणी बोलवत नाही.

तर अशा त्या रुग्णालयात एक नर्स होती. अंगाने लहान आणि पायाला भिंगरी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. ती अजून तात्पुरती होती. पुढच्या महिन्यात तिला कायम करणार होते, आणि तात्पुरतीची खोटी रजा पकडली गेली, तर तिला त्याच दिवशी घरी बसवत. हे सगळं तिला ठाऊक होतं. तरी त्या सकाळी तिने पलंगावरून खाली पाय टाकले आणि पाय म्हणाले, आज आमचा संप. सलग तीन दिवस तिला पाळीवर पाळी करायला लावली होती. थकवा हे रजेचं कारण धरलं जात नसे; ताप धरला जाई. तिने फोन करून ताप सांगितला आणि पांघरूण ओढून घेतलं. दुपार कलली तेव्हा दारावरच्या बोलण्याने तिला जाग आली.

"कोण पाहिजे?" हा आवाज तिच्या सासऱ्यांचा. एका कारखान्याच्या फाटकावर त्यांनी जन्मभर पहारा केला होता. नोकरी संपली, पण सवय गेली नव्हती.

"रुग्णालयातून आलेय. तुमच्या सूनबाईंची तपासणी करायची आहे."

"काही ओळखपत्र?"

"काका, तीन जिने चढून आलेय मी. आत येऊ द्या, नाहीतर इथे उंबऱ्यावरच बसते."

चिमणी उठून बसली. वॉर्डातल्या सगळ्यांत जुन्या, मोठ्या सिस्टर आल्या होत्या. रात्रपाळी आणि त्याला जोडून सकाळची पाळी करून त्या थेट इथे आल्या होत्या, हे त्यांच्या चुरगळलेल्या गणवेशावरूनच दिसत होतं. त्या खुर्चीत बसल्या, बसल्या म्हणजे कोसळल्याच. पर्समधून थर्मामीटर काढून त्यांनी चिमणीपुढे धरला.

"तोंड उघड."

"ताई, मी काय म्हणते..."

"आधी तोंड उघड. मग म्हण."

सासरे दाराला टेकून बघत राहिले. थोड्या वेळाने मोठ्या सिस्टरांनी थर्मामीटर काढला, डोळ्यांपासून लांब नेला, जवळ आणला.

"अठ्ठ्याण्णव," त्या म्हणाल्या.

"सकाळी थोडा होता."

"चिमणे, तीस वर्षं ताप बघतेय मी. गालावर उशीची नक्षी उठलीय तुझ्या. छान झोपली होतीस."

चिमणीने मान खाली घातली. "मग काय सांगणार तुम्ही मेट्रन मॅडमना?"

"दोन मिनिटं विचार करू दे." मोठ्या सिस्टरांनी थर्मामीटर परत देण्यासाठी म्हणून तिचाच हात धरला, आणि तो थर्मामीटर आपलाच आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

चिमणीच्या मात्र दुसरंच काही लक्षात आलं. तो हात तव्यासारखा तापला होता.

"ताई, आता तुम्ही तोंड उघडा."

"मी कशाला? मी तपासायला आलेय."

"आधी तोंड उघडा. मग म्हणा."

एकशे दोन. चिमणीने पुसून, झटकून पुन्हा लावला. पुन्हा एकशे दोन.

"काहीतरीच," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "मला संध्याकाळी पुन्हा वॉर्डात जायचंय. तुझ्या जागी मलाच थांबवलंय. मला आजारी पडून कसं..." आणि वाक्य अर्ध्यावर सोडून त्या खुर्चीतच झोपल्या.

सासऱ्यांनी घसा साफ केला. "सूनबाई, ही तपासणी किती वेळ चालते?"

दोघांनी मिळून त्यांना पलंगावर निजवलं. गोळी द्यायला चिमणीने उठवलं तेव्हा त्यांनी झोपेतच गोळी घेतली, झोपेतच "पुढचा पेशंट" म्हणाल्या आणि कूस बदलली. सासरे थंड पाण्याच्या पट्ट्या पिळून देऊ लागले.

एवढ्यात मोठ्या सिस्टरांचा फोन वाजला. मेट्रनबाईंचा होता. चिमणीने हात पुढे केला आणि मागे घेतला. तिचा आवाज खणखणीत होता, तापाचा नव्हता. शेवटी सासऱ्यांनीच उचलला.

"हो, इथेच आहेत. तपासणी चालू आहे. नाही, अजून संपली नाही. सखोल चाललीय." फोन ठेवून ते म्हणाले, "संध्याकाळच्या पाळीला वेळेवर नाही आल्या तर न कळवता गैरहजर धरतील म्हणाल्या."

"त्यांना?"

"त्यांनाच. तुला कोण विचारतंय? तू आजारी आहेस."

खरंच की. चिमणीने काहीच केलं नाही, तर तिला काही होणार नव्हतं. मोठ्या सिस्टर तिला वाचवायला अठ्ठ्याण्णवचे शंभर करतील, याची तिला खात्री होती. गप्प बसलं की नोकरी कायम. फक्त पलंगावरची बाई तापाने फणफणत असताना कामचुकार ठरणार होती. चिमणी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली. मग आणखी एक पेला प्यायली. मग बाहेर येऊन तिने आपल्या फोनवरून मेट्रनबाईंना फोन लावला.

"मॅडम, मोठ्या सिस्टरांना एकशे दोन ताप आहे. त्या येऊ शकणार नाहीत."

"त्यांनी स्वतः कळवायला हवं. आणि ताप बघितला कुणी?"

"मी."

"तू आजारी आहेस. आजारी माणसाने केलेली तपासणी धरता येत नाही."

"मी आजारी नाही, मॅडम."

"काय म्हणालीस?"

"मला ताप नव्हता. नुसती दमले होते. उठवेना. खोटं सांगितलं." बोलता बोलता तिने सासऱ्यांकडे पाठ केली. "मला काय करायचं ते करा. पण त्यांची रजा लावा."

मेट्रनबाई कठोर होत्या, पण हिशेबी होत्या. त्या मनात मांडणी करत असाव्यात. हिला काढावं, तर आज संध्याकाळी दोघी कमी. हिला आजारी धरावं, तरीही दोघी कमी. हिला बरी धरली, तरच एक कमी.

"हे बघ," त्या शेवटी म्हणाल्या. "तुला सकाळी ताप होता. तो आता उतरलाय. असं होतं कधीकधी. लगेच ये."

अशा रीतीने जी गोष्ट दयेने झाली नसती ती टंचाईने झाली. चिमणीने केस बांधले. सासरे म्हणाले, "जा तू. यांच्याकडे मी बघतो. औषधाची वेळ तेवढी सांगून जा."

वॉर्डात पोचली तेव्हा मेट्रनबाई स्वतः औषधांचा ट्रे घेऊन फिरत होत्या. त्यांनी तो चिमणीच्या हातात दिला आणि जरा वेळ खिडकीला टेकून उभ्या राहिल्या.

"कायमचा कागद येईल तुझा," त्या म्हणाल्या. "पण मोठ्या सिस्टर बऱ्या होईपर्यंत तपासणीचं काम तू करायचंस. सोंग कसं असतं ते तुझ्याइतकं चांगलं कुणाला कळणार?"

"करेन की. पण मी घरोघर हिंडेन तेव्हा इथे कोण, मॅडम?"

मेट्रनबाईंनी वॉर्डभर नजर फिरवली. दोन्ही बाजूंच्या खाटा भरलेल्या, आणि उभ्या माणसांत त्या दोघीच.

"मग जाऊ नकोस," त्या म्हणाल्या. "फोनवर तपास."

दुसऱ्या दिवशी चिमणीची पाळी संपत आली असताना फोन वाजला. संध्याकाळच्या पाळीची एक नवी मुलगी होती. आवाज घाबरलेला, पण ठणठणीत.

"सिस्टर, मला ताप आहे."

"किती आहे?"

"अजून बघितला नाही. बघू का?"

"नको," चिमणी म्हणाली. "बघू नकोस. झोप."

तिने फोन ठेवला. त्या मुलीच्या जागी आता कोण थांबणार, हे कुणाला विचारायची गरज नव्हती. चिमणीने घरी फोन करून सासऱ्यांना सांगितलं की जेवायला वाट बघू नका, आणि पहिल्या खाटेपासून पुन्हा सुरुवात केली.