मेथीला चार ओळी

विद्यालक्ष्मीनं आपलं मन बदलायला घेतलं ते दर रविवारी सकाळी दहा ते बारा, लॅपटॉपसमोर बसून. पलीकडून एक मॅडम शिकवायच्या. शिकवण्याखेरीज त्यांचा दुसरा कुठला धंदा होता, हे कुणाला कधी कळलं नाही; पण बोलणं असं, की ऐकणाऱ्याला वाटावं, आजवर आपणच आपल्या वाटेत आडवे पडलो होतो. “ऑनलाइन धंदा मालामुळे अडत नाही, तुमच्या शंकेमुळे अडतो,” मॅडम म्हणायच्या. “तुमचा माल सगळ्यात आधी नाकारणारं गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही स्वतः.” मग गृहपाठ. वहीच्या डाव्या पानावर मनातली शंका लिहायची, तारखेसकट. तिच्यावर लाल रेघ मारायची. उजव्या पानावर तिच्या उलट वाक्य लिहायचं आणि मोठ्यानं वाचायचं. सेहेचाळीस वर्षांची बाई पहिलीतल्या मुलीसारखी फूटपट्टी धरून रेघा मारायची. हसू नका. नोकरी गेलेल्या माणसाला कुणीतरी ‘तुझ्यात खोट नाही’ असं म्हणावं लागतं, आणि ते म्हणणारं दुसरं कुणी तिला भेटलं नव्हतं.

नोकरी चेन्नईजवळच्या सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतली, अठरा वर्षांची. ती एका दुपारी पंधरा मिनिटांच्या मीटिंगमध्ये संपली. विद्यालक्ष्मी वेस्ट मांबलमच्या फ्लॅटवर आली तेव्हा सासूबाई मेतकूट भाजत होत्या, आणि जिन्यापर्यंत तो खमंग वास आला होता. घरात माणसं तीनच. विद्यालक्ष्मी, तिचा नवरा रघुराम, जो पहाटेच्या बसनं गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा, आणि रघुरामची आई सरोजाबाई, वय अठ्ठ्याहत्तर, डोळ्यांत मोतीबिंदू. तंजावूरकडून येऊन चेन्नईत पांगलेली मराठी घरं त्यांना सरोजाक्का म्हणत. त्यांच्या मेतकुटाचं नाव होतं. चाळीसेक घरं ते मागून नेत. विद्यालक्ष्मीनं त्याला पाकीट दिलं, लेबल दिलं, वेबसाइट दिली, आणि बघता बघता धंदा उभा राहिला.

सरोजाबाई सोवळ्यात भाजत. सोवळ्यात भाजणारीनं चाखायचं नाही, देवापुढे ठेवण्याआधी तर नाहीच नाही. भाजताना त्या देवीचं स्तोत्र पुटपुटत. आधी डाळी, मग तांदूळ, गहू, आणि सगळ्यात शेवटी मेथी. मेथी म्हणजे नाजूक काम. क्षणभर जास्त भाजली की सगळा घाणा कडू. दळून झालं, नैवेद्य झाला, की चिमूटभर मेतकूट सुनेच्या तळहातावर ठेवून त्या विचारत, “कसें झालेंय? सांग गे.” हा त्या घरचा जुना रिवाज होता. करणारी एक, सांगणारी दुसरी. पहिलं वर्षभर विद्यालक्ष्मीला सांगायला काहीच कष्ट पडले नाहीत, कारण मेतकूट दर वेळी छानच होतं. सासूबाईंचं ते पुटपुटणं तिनं मोबाइलवर घेतलं आणि ‘मंत्रोच्चारात भाजलेलं मेतकूट’ म्हणून इन्स्टाग्रामवर टाकलं. अकरा हजार लोकांनी ते पाहिलं.

मग मॅडम म्हणाल्या, विचार मोठा करा, लहान कढईत मोठा धंदा शिजत नाही. विद्यालक्ष्मीनं ते शब्दशः घेतलं. लग्नाच्या आचाऱ्यांकडे असते तसली कढई आली, हॉटेलात असतो तसला बर्नर आला. सरोजाबाईंनी त्या निळ्या ज्वाळेकडे बराच वेळ पाहिलं. “एवढा जाळ कशाला गे?” त्या म्हणाल्या. “वेळ वाचेल, आत्ते,” विद्यालक्ष्मी म्हणाली.

त्या बर्नरवरचा पहिला घाणा तिच्या तळहातावर आला तो चौदा जुलैला. जिभेवर ठेवल्याबरोबर खमंग लागला आणि मग, गिळता गिळता, घशाशी कडू. सरोजाबाई समोर उभ्या होत्या, ओल्या पदराला हात पुसत, नेहमीसारख्या तोंडाकडे बघत. विद्यालक्ष्मीच्या ओठांवर आलं होतं. पण आदल्याच रविवारी ती शिकली होती, की आपल्या मालात खोट दिसायला लागली की समजावं, जुनं मन परत आलं.

“सुपर, आत्ते,” ती म्हणाली.

“नक्की?”

“सुपर!”

आत जाऊन तिनं डाव्या पानावर लिहिलं, ‘मेतकूट कडू लागतंय.’ त्यावर लाल रेघ मारली. उजव्या पानावर लिहिलं, ‘माझा माल उत्तम आहे, लोक त्याची वाट पाहत आहेत,’ आणि तीनदा मोठ्यानं वाचलं. शेवटच्या वेळी तिला ते खरंही वाटलं. रात्री जेवताना रघुरामनं मेतकूट-भाताचा पहिला घास घेतला आणि म्हणाला, “जरा कडसर नाही लागत?” मुळात बोलणारा माणूस नव्हे तो. विद्यालक्ष्मी म्हणाली, “तुमची निगेटिव्हिटी कारखान्यातच ठेवून येत जा.” त्यानं गुमान भातावर रसम वाढून घेतलं, आणि पुढे त्या विषयावर तोंड उघडलं नाही. घरातली दुसरी जीभही अशी बंद झाली.

आणि गंमत बघा, चाळीस घरांतून ऑर्डरी येतच राहिल्या. एवढंच नाही, कुणी दोनाची तीन पाकिटं केली, कुणी तिनाची चार. सगळ्यांचा निरोप एकच: फार छान, सरोजाक्कांना नमस्कार. याहून मोठा पुरावा कुठला हवा? जिभेला काय कळतं, गिऱ्हाईक खोटं बोलत नाही, असं विद्यालक्ष्मीनं ठरवून टाकलं. दर घाण्याला सासूबाई विचारत, दर घाण्याला ती सुपर म्हणे. पुढे पुढे तर ती चिमूट जिभेवर न ठेवताच म्हणू लागली.

त्याच सुमारास तिचा जुना मॅनेजर वेंकट याचा फोन आला. कंपनीत नवं काम आलं होतं, जुन्यांतल्या काहींना परत घेत होते. शुक्रवारपर्यंत सांग, म्हणाला. विद्यालक्ष्मीनं डाव्या पानावर लिहिलं, ‘जावं का?’ मॅडमनी वर्गात सगळ्यांसमोर तिला उभं केलं. मागे दार उघडं ठेवणारा पुढे धावत नाही, म्हणाल्या. सत्तर जणांनी पडद्यावर टाळ्यांची चित्रं टाकली. तिनं लाल रेघ मारली आणि गुरुवारीच वेंकटला नाही म्हणून कळवलं. आता सगळं आयुष्य त्या एका कढईवर होतं, आणि हे तिला नीट ठाऊक होतं. रात्री झोप लागायची नाही, तेव्हा ती उजवं पान आठवायची.

मग जाहिराती दिल्या. पुणे, बेंगळुरू, हैदराबाद, कुठून कुठून अनोळखी लोकांनी मेतकूट मागवलं. या लोकांना सरोजाक्का कोण हे माहीत नव्हतं, नमस्काराचं बंधन नव्हतं. त्यांनी लिहिलं: जळकं आहे. कडूजहर. आईला आठवण म्हणून आणलं, तिनं थुंकून टाकलं. मॅडम म्हणाल्या, “वाईट बोलणारे भेटायला लागले म्हणजे तुम्ही वाढताय!” विद्यालक्ष्मीनं प्रत्येक शिवीला खाली लाल बदाम टाकला. तीन महिन्यांत नवी ऑर्डर येणं बंद झालं. उरली ती पुन्हा चाळीस घरं. तिनं मनाची समजूत घातली, खरी चव कळणारे तेवढेच. त्यांच्याच तोंडून लोकांना ऐकवू. पुढचा गृहपाठही तोच होता, समाधानी गिऱ्हाइकाचा व्हिडिओ.

नारायणस्वामींहून समाधानी गिऱ्हाईक शोधून सापडलं नसतं. नंगनल्लूरला राहणारे निवृत्त शिक्षक, वय ब्याऐंशी, सरोजाबाईंच्या माहेरच्या गल्लीतले. महिन्याला चार पाकिटं, कधी खंड नाही. विद्यालक्ष्मी सकाळी त्यांच्याकडे गेली तेव्हा ते इस्त्रीची वेष्टी नेसून, कपाळाला गंध लावून तयार बसले होते. तिनं मोबाइल उभा केला.

“बोला मामा. मेतकूट कसं आहे ते सांगा फक्त.”

नारायणस्वामी मोबाइलकडे बघत राहिले. “सरोजाक्का आणि मी एका गल्लीतले,” ते म्हणाले. “तिच्या हाताला चव होती.”

“हातात पाकीट धरा ना, मामा, म्हणजे दिसेल.”

त्यांनी नको म्हणून घाईनं हात हलवला, पण तोवर त्यांची सून लावण्या आतून आली. ऑफिसला निघायच्या गडबडीत होती. दोन्ही हातांत मावेनात इतकी पाकिटं तिनं टीपॉयवर ठेवली. “कुठलं दाखवायचं, अप्पा? अस्की, एकूण एक, बंदच आहेत. माळ्यावर अजून असतील.” एवढं बोलून ती चप्पल घालून गेली.

विद्यालक्ष्मीनं एक उचललं. जुलैचं. दुसरं ऑगस्टचं. एकालाही कात्री लागली नव्हती. मोबाइल अजून चालूच होता.

“रागावूं नकोस मुली,” नारायणस्वामी हळू आवाजात म्हणाले. “पहिलें फोडलें, तें कडू होतें. वाटलें, एखादा घाणा बिघडतो. दुसरेंही तसेंच. पण या वयात ती चुलीपुढे उभी राहते, तिला नक्को म्हणून कोण सांगणार? नागोजीही घेतो, त्याच्या घरींही असेंच. आम्ही आपसांत बोललों. घेत राहूं म्हणालों. जास्तच घेऊं, म्हणजे तिला शंका येणार नाही.” त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “आम्हांला वाटलें, तुलाही ठाऊक असेल. तूं तिचें मन राखतेस म्हणून.”

मन राखतेस! विद्यालक्ष्मीला खाली बघवेना आणि वर बघवेना. ती नमस्कार करून निघाली आणि कशीबशी पळवंतांगल स्टेशनपर्यंत चालत गेली. मांबलमपर्यंतचा लोकलचा प्रवास किती मिनिटांचा, पण तेवढ्यात तिनं मनातल्या मनात तीन माणसांना दोष देऊन पाहिला: मॅडमना, नारायणस्वामींना, सासूबाईंना. एकाही ठिकाणी तो टिकेना. चौदा जुलैला कडू लागलं होतं ते तिच्याच जिभेला.

दार उघडलं तर घरात धूर. स्वयंपाकघरात मोठ्या कढईत मेथी काळी ठिक्कर पडली होती, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर सरोजाबाई शांतपणे पुटपुटत उलथनं फिरवत होत्या. मोतीबिंदूच्या डोळ्यांना रंग कळत नव्हता, हे ठाऊक होतं. पण एवढा जळका वास? विद्यालक्ष्मीनं धावत जाऊन गॅस बंद केला.

“आत्ते, तुम्हाला वास येत नाही?”

सरोजाबाईंचं पुटपुटणं थांबलं. त्यांनी कढईकडे पाहिलं, मग सुनेकडे.

“कोरोनांत नाक गेलें, जिभेची चवही त्याबरोबर गेली,” त्या म्हणाल्या. “परत कांहीच आलें नाही.”

“चार वर्षं झाली! मग इतके दिवस कसं भाजलंत?”

“स्तोत्र म्हणत होतें ना. हरभऱ्याच्या डाळीला दोन आवर्तनें, उडदाला दीड, मेथीला चार ओळी. लहान चुलीवर तें अस्कं हाताखालचें होतें, नाकाची गरजच नव्हती. मग तूं हा जाळ आणलास. या जाळाला किती ओळी, तें मला कोण सांगणार? म्हणून तुला विचारलें. तूं सुपर म्हणालीस. तरी मनांत आलें, एकदां तीन ओळी करून पाहिल्या, एकदां दोन. तूं तेव्हांही सुपर म्हणालीस. मग परत चार केल्या.”

विद्यालक्ष्मीला आठवलं. मधे दोन वेळा सासूबाईंनी नेहमीपेक्षा जास्त वेळ तिच्या तोंडाकडे पाहिलं होतं. त्या दोन्ही वेळी तिनं ते चाखलंही नव्हतं.

“मला का नाही सांगितलंत?” तिला रडू फुटलं.

“नाक गेलें म्हणून सांगितलें असतें तर तूं मला चुलीपुढे उभी केली असतीस का? तुझी नोकरी गेलेली. मला वाटलें, हात माझे आहेत, जीभ तिची आहे, चालेल.” सरोजाबाई पाटावर टेकल्या. “मी सून होतें तेव्हां एकदां सासूबाईंना कडू म्हणून सांगितलें. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पण घाणा ओतून दिला. तेवढ्यासाठींच तर विचारायचें असतें गे.”

खिडकीतून धूर हळूहळू बाहेर जात होता.

“कधींपासून कडू आहे?” सरोजाबाईंनी विचारलं.

“चौदा जुलैपासून.”

सरोजाबाईंनी मान वर केली. “तारीखसुद्धां ठाऊक आहे तुला?”

वही आतल्या खोलीत टेबलावर होती, आणि लाल रेघेखालची अक्षरं अजून स्वच्छ वाचता येत होती.

तेवढ्यात ओट्यावरचा मोबाइल वाजला. नारायणस्वामींचा निरोप होता. बिचाऱ्यांना सकाळपासून चैन पडलं नसावं. “कोण गे?” सासूबाई म्हणाल्या, आणि विद्यालक्ष्मीनं या वेळी काही न वगळता तो मोठ्यानं वाचला. या महिन्यात सहा पाकिटं पाठवावीत. सरोजाक्कांना नमस्कार सांगावा. मेतकूट नेहमीसारखंच फार छान आहे.

सरोजाबाई ऐकत राहिल्या. गेल्या कित्येक महिन्यांचे सगळे नमस्कार बहुतेक त्या मनाशी पुन्हा ऐकत असाव्यात, कारण त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

“तेही सुपर म्हणतात,” त्या म्हणाल्या, आणि जळक्या मेथीची कढई उचलायला उठल्या. ती त्यांच्या एकटीच्यानं उचलेना. विद्यालक्ष्मीनं दुसरा कान धरला.